गोथलंडला उतरायचं

पिकरिंगच्या फलाटावर इंजिन येऊन लागलं आणि माझ्या पुढ्यातल्या पाचेक वर्षांच्या पोरानं भोकाड पसरलं. ‘हे ते नाही!’ एवढंच त्याचं म्हणणं होतं, आणि ते अगदी बरोबर होतं. गाडीला वाफेचं इंजिन लागायचं होतं, आलं होतं डिझेल. तिकीट खिडकीशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं, की पाऊस नसल्यामुळे माळ वाळला आहे, ठिणगीनं वणवा लागायचा धोका आहे, म्हणून आज वाफेची इंजिनं बाहेर काढलेली नाहीत. त्या पोराची आई ते त्याला वाचून दाखवत होती. तो ऐकत नव्हता. मीही मनातून ऐकत नव्हते. वयाच्या बासष्टाव्या वर्षी फलाटावर भोकाड पसरता येत नाही, एवढाच आमच्यात फरक.

मी लीड्सला भाचीकडे गेले होते. तिनं सकाळीच ८४० नंबरच्या बसमध्ये बसवून दिलं होतं. ही बस लीड्सहून यॉर्क, माल्टन, पिकरिंग करत थेट समुद्रावरच्या व्हिटबीपर्यंत जाते. ‘मावशी, पिकरिंगला गाडी पकड आणि गोथलंडला उतर. आणि तो उच्चार गोटलँड करू नकोस, हसतात.’ गोथलंडचा बकऱ्यांशी काही संबंध नाही. त्या गाडीचं शेवटचं स्टेशन ग्रोमाँट, त्याच्या स्पेलिंगमधला ‘एस’ तर कुणी उच्चारतच नाही. यॉर्कशरमध्ये नावं एक लिहितात आणि दुसरंच बोलतात; आणि बसच्या चालकापासून चहावाल्या बाईपर्यंत सगळे तुम्हाला ‘लव्ह’ म्हणून हाक मारतात, त्यामुळे चुकीच्या उच्चाराचं फारसं वाईट वाटत नाही.

मला त्या गाडीची ओढ का, हे सांगायला हवं. माझे वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते, पुढे ड्रायव्हर झाले. रात्री-अपरात्री कॉल बॉय कडी वाजवायचा, बाबा उठायचे, आई लाइन बॉक्समध्ये डबा आणि पाण्याची बाटली ठेवायची. परत आले की त्यांच्या अंगाला कोळसा, तेल आणि वाफ यांचा मिळून एक वास यायचा. तो रॉकेलनं जात नसे आणि साबणानंही जात नसे. त्या इंजिनांना बाबांनी जन्मभर शिव्या घातल्या. मालगाडीवर डब्ल्यूजी इंजिन आणि जळगावचा मे महिना, हे एकत्र आलं की काय होतं ते अनुभवलेल्या माणसाला ‘वाफेच्या गाडीची मौज’ वगैरे सांगू नये.

तर नॉर्थ यॉर्कशर मूर्स रेल्वे. पिकरिंग ते ग्रोमाँट १८ मैल, म्हणजे २९ किलोमीटर. काही गाड्या तिथून पुढे नियमित रेल्वेच्या रुळांवरून व्हिटबीपर्यंत जातात. मूर म्हणजे उंचावरचं उघडं माळरान. कासचं पठार डोळ्यांसमोर आणा. फक्त इथं फुलांची झुंबड नाही, हेदर नावाचं एकच गुडघाभर झुडूप मैलोगणती पसरलेलं असतं. ऑगस्टात ते जांभळं होतं. त्याच्याखाली पीटचा, म्हणजे शतकानुशतकं कुजून साचलेल्या वनस्पतींचा थर असतो आणि तो एकदा पेटला की आतल्या आत धुमसत राहतो. फळ्यावरची सूचना म्हणजे नुसती काळजीची नव्हती.

ही वाट आखली जॉर्ज स्टीफन्सननं. व्हिटबी हे व्हेल मारणाऱ्या आणि जहाजं बांधणाऱ्या लोकांचं बंदर. दोन्ही धंदे बसायला लागले, आणि मागे माळ आडवा असल्यामुळे आतल्या मुलखाशी धड रस्ता नव्हता. म्हणून गावकऱ्यांनी रेल्वे मागितली. २६ मे १८३६ रोजी सगळी वाट सुरू झाली, तेव्हा तिच्यावर इंजिन नव्हतं. डबे घोडे ओढत. रुळांवरची घोडागाडीच म्हणा.

मध्ये एक दलदल आडवी आली, फेन बॉग. तिथं भराव टाकावा तर तो गिळला जाई. तेव्हा हेदरच्या मोळ्या, झाडांचे ओंडके, मेंढ्यांची कातडी असं काय काय चिखलात दडपून त्याची एक तरंगती गादी केली आणि तिच्यावर रूळ घातले. गाड्या अजूनही त्याच दलदलीवरून जातात.

त्याहून अवघड होता बेक होलचा चढ. दीड हजार यार्डांची चढण, साधारण दर पंधरा फुटांना एक फूट. घोड्याच्या आवाक्यातली नव्हे. इथं स्टीफन्सननं जे केलं ते वाचताना मला हसू आलं, कारण ती आपली मोटच होती, फक्त उलटी. मोटेला बैल धावेवरून उतरतात आणि पाणी वर येतं. इथं पाणी उतरे आणि माणसं वर येत. माथ्यावर एका टाकीच्या वाघिणीत ओढ्याचं पाणी भरत, दोराच्या दुसऱ्या टोकाला खाली प्रवाशांचा डबा बांधत, आणि टाकी उतरू लागली की तिच्या वजनानं डबा वर चढे. खाली पोचल्यावर टाकी रिकामी करायची आणि हलकी झालेली वाघीण पुन्हा वर न्यायची. पुढे जॉर्ज हडसन या त्या काळच्या रेल्वेसम्राटाच्या कंपनीनं १८४५ मध्ये ही वाट घेतली, १८४७ पासून वाफेची इंजिनं आली, आणि चढावर पाण्याच्या जागी एका जागी उभं राहून दोर ओढणारं इंजिन आलं. दोर मात्र राहिला. १८६४ मध्ये तो तुटला आणि दोन माणसं गेली. दोराशिवाय जाईल अशी वळसा घेणारी नवी वाट तेव्हा आखलेलीच होती. ती १८६५च्या जुलैत सुरू झाली. तिचा चढ एकोणपन्नासला एक.

त्याच वर्षी, जानेवारीत, आपल्याकडे कसारा ते इगतपुरी थळ घाट खुला झाला होता. तिथला चढ सदतिसाला एक. आणि बोरीबंदर ते ठाणे गाडी काढणाऱ्या जीआयपी रेल्वेचा सल्लागार अभियंता होता रॉबर्ट स्टीफन्सन, याच जॉर्जचा मुलगा. इगतपुरीला गाडी थांबली की वडा-पाव घ्यायला उतरणाऱ्या आपल्यासारख्यांचं या माळाशी इतपत घराणं जुळतं.

डिझेलच्या त्या फेरीबद्दल फार लिहीत नाही. न्यूटनडेलची घळ सुंदर आहे. हिमयुगाच्या शेवटी वितळलेल्या पाण्यानं कोरलेली, अरुंद, दोन्ही बाजूंना झाडी, रस्ता नाही; रेल्वे नसती तर तिथं चालत जाण्यावाचून उपाय नव्हता. लेव्हिशम स्टेशन १९१२ सालचं वाटावं असं ठेवलं आहे, शेजारच्या डोंगरात एक प्रचंड खळगा आहे आणि तो वेड नावाच्या राक्षसानं मूठभर माती उचलल्यानं पडला असं सांगतात. आपल्याकडे ही कामं भीमाकडे असतात. पुढे माळ उघडा होतो आणि क्षितिजावर एक छाटलेला पिरॅमिड दिसतो. ते फायलिंगडेल्सचं लष्करी रडार आहे, क्षेपणास्त्रं येताना दिसली तर सूचना देणारं. जांभळ्या माळावर ते जसं दिसायला हवं तसंच, म्हणजे अत्यंत वाईट दिसतं.

मी सप्टेंबरअखेर पुन्हा गेले. पाऊस होऊन गेला होता, हेदर तपकिरी पडलं होतं, आणि इंजिन ते होतं.

गोथलंड हे चारशेच्या आसपास वस्तीचं गाव. घरं दगडी, एकमेकांपासून लांब लांब, मध्ये रुंद हिरवळ, आणि त्या हिरवळीवर मेंढ्या. या मेंढ्यांना गावात हक्कानं चरता येतं. त्या रस्त्याच्या मधोमध बसतात, गाडी आली तरी उठत नाहीत, आणि बाकावर बसून सँडविच सोडलंत तर शेजारी येऊन उभ्या राहतात. त्यांच्या नजरेत विनंती नसते.

गावाला आणखी दोन नावं आहेत आणि पंचाईत अशी, की बहुतेक लोक त्या दोन नावांसाठीच येतात. ‘हार्टबीट’ नावाची, साठच्या दशकातल्या खेड्यातल्या पोलिसाची मालिका १९९२ ते २०१० अशी अठरा वर्षं चालली, आणि ती इथं चित्रित झाली. तिच्यात गोथलंड झालं एडन्सफील्ड. आणि २००१च्या पहिल्या हॅरी पॉटर चित्रपटात इथलं स्टेशन झालं हॉग्समीड. त्यामुळे हॉटेलवर मालिकेतल्या खानावळीची पाटी, दुकानात मालिकेचे मग, आणि फलाटावर काळे झगे घालून छड्या रोखलेली पोरं. मला या सगळ्याचा थोडा कंटाळा आला, हे कबूल करते. स्टेशन स्वतः १९२२ सालातलं ठेवलेलं आहे: पितळी कड्या, मालधक्क्याच्या जुन्या गोदामात चहाची खोली, भिंतीवर सुटीच्या जाहिराती. त्याकडे न बघता पोरं सिनेमातल्या कोनातून फोटो काढत होती. पण मग वाटलं, त्या झग्यांच्या तिकिटांवरच कोळसा येत असणार.

गावाचं खरं स्वतःचं जे आहे ते जानेवारीत असतं, त्यामुळे मला बघायला मिळालं नाही: ‘प्लाउ स्टॉट्स’. स्टॉट म्हणजे तिकडच्या बोलीत बैल. नांगरणीच्या हंगामाच्या तोंडावर गावातले तरुण स्वतःच बैल होऊन नांगर गावभर ओढतात, पैसे गोळा करतात आणि लांब तलवारींचा नाच करतात. आपण पोळ्याला बैलाचं माणूस करतो. हे माणसाचा बैल करतात.

फलाटाच्या टोकाला सिग्नलची केबिन. मी खालून बराच वेळ बघत होते म्हणून आतल्या गृहस्थांनी खिडकीतून विचारलं, काही हवंय का. सत्तरीचे असावेत. मी म्हटलं, वडील रेल्वेत होते, भुसावळला. भुसावळ त्यांना माहीत नव्हतं, पण ‘फायरमन’ हा शब्द पुरला. त्यांच्या डाव्या हातात एक जुनं फडकं होतं आणि लिव्हर ओढताना ते फडक्यानंच धरत. उघड्या हातानं धरलं तर घामानं पोलादावर गंज चढतो. एक लिव्हर ओढताना त्यांनी पाय रोवून, पाठ मागे टाकून सगळ्या अंगाचा भार दिला, आणि लांबवर, दिसतही नव्हता असा एक सिग्नल तारेच्या ओढीनं पडला. गाडी आली तेव्हा फायरमननं टोकन दिलं, दुसरं घेतलं. एकेरी मार्गावर ज्याच्याकडे टोकन तोच पुढे जाणार. आपल्याकडे बाबा वेताच्या कडीतला गोळा धावत्या इंजिनातून हात काढून उचलायचे, तीच रीत.

हे गृहस्थ निवृत्त शिक्षक होते. महिन्यातून काही दिवस येतात, पगार नाही. उलट वर्गणी भरून सभासद आहेत.

इथं त्या गाडीची खरी गोष्ट सुरू होते, असं मला वाटतं. १९६३ साली रिचर्ड बीचिंग यांचा अहवाल आला: तोट्यातले मार्ग बंद करा. हिशोब चोख होता. पिकरिंगहून ग्रोमाँटची गाडी मार्च १९६५ मध्ये बंद झाली. सगळ्या देशातच हजारो मैल रूळ त्या काळात उखडले गेले. १९६७ मध्ये आसपासच्या काही लोकांनी मंडळ काढलं, रूळ वाचवायला पैसे जमवले, आणि १९७३ मध्ये गाडी पुन्हा सुरू झाली. आज थोडे लोक पगारावर आहेत, पण तिकीट तपासणारे, फाटक सांभाळणारे, इंजिन पुसणारे, कुंड्यांना पाणी घालणारे शेकडो लोक फुकट राबतात. डब्याच्या खिडकीतून जे १९१२ आणि १९२२ साल दिसतं, ते दर आठवड्याला कुणीतरी रंगवलेलं असतं.

ग्रोमाँटला उतरून मी शेडकडे गेले. तिथं जायला स्टीफन्सनचाच जुना बोगदा आहे, घोड्यांच्या काळातला, किल्ल्याच्या दरवाजासारखी कंगोरेदार कमान असलेला. त्याच्याआधीच्या प्रवासी बोगद्यांची यादी फार लांब होणार नाही. आत पाणी ठिबकतं आणि तुमच्या आणि घोड्याच्या उंचीतला फरक कळतो. पलीकडे शेड. वास आला आणि मी थांबलेच.

तेव्हा एक बाई चाकांच्या मागे वाकून दांड्या पुसत होत्या. कोपरापर्यंत काळ्या. हातात कॉटन वेस्टचा बोळा. त्यांनी सांगितलेली उतरंड भुसावळचीच होती: आधी क्लीनर, मग फायरमन, मग खूप वर्षांनी ड्रायव्हर, प्रत्येक पायरीला परीक्षा. पहाटे येऊन आधी बॉयलरमधलं पाणी बघायचं, मग तेलकट बोळे आणि लाकडं पेटवायची, मग थोडा थोडा कोळसा. घाई केली तर बॉयलर नीट तापत नाही, पत्रे आणि नळ्या एकदम ताणले जातात. गाडी सुटायच्या कित्येक तास आधी हे सुरू करावं लागतं. या बाई आठवडाभर कार्यालयात काम करतात आणि सुटीच्या दिवशी भल्या पहाटे उठून इथं येतात.

बाबा असते तर हे ऐकून त्यांनी काय केलं असतं याचा मी परतीच्या वाटेवर विचार करत होते. बहुधा विचारलं असतं, ‘यांना डोकं आहे ना?’ पगार मिळत असूनही जे काम त्यांनी शिव्या देत केलं, ते ही माणसं पदरचे पैसे भरून करतात. यात मला एक गोष्ट खटकते आणि ती लपवणार नाही. कष्ट हौस म्हणून करता यायला आधी पोट भरलेलं असावं लागतं, निवृत्तिवेतन असावं लागतं. संध्याकाळी हात धुऊन तुम्ही घरी जाता आणि उद्या नाही आलात तरी पोरं उपाशी राहत नाहीत. फायरमनच्या घामाचं आणि त्या बाईंच्या घामाचं रसायन एक असेल, अर्थ एक नाही. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधल्या कुणालाही हे कळेल.

पण दुसरी बाजूही दिसते. बाबांना जे येत होतं, म्हणजे नुसत्या आवाजावरून आगीची जात ओळखणं, फावड्यानं कोळसा भट्टीच्या नेमक्या कोपऱ्यात भिरकावणं, ते त्यांच्याबरोबर गेलं. ते शिकायला कुणी आलं नाही, आणि आलं असतं तर शेडच्या फाटकावरच अडवलं असतं. आपल्याकडे यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतलेवर लोकांचा केवढा जीव. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या इंजिनानं १९९४ पर्यंत ती गाडी ओढली. तिच्यासाठी निवेदनं झाली, मोर्चे झाले. पण स्टेशनाला रंग द्यायला हातात ब्रश घेऊन या, असं त्या लोकांना कुणी म्हटलं नाही. माथेरानचं १९०७चं, ७४० क्रमांकाचं जर्मन इंजिन तर इंग्लंडातल्या हौशी लोकांनी नेऊन जपलं. वारसा म्हटलं की आपण साखळी लावून फलक उभा करतो आणि हात लावू नये असं लिहितो. इथं हात लावा म्हणतात.

त्यांच्याही पुढचं सगळं सोपं नाही. कोळशाचंच बघा. यॉर्कशरमधली केलिंगली ही ब्रिटनची शेवटची खोल कोळसाखाण डिसेंबर २०१५ मध्ये बंद झाली. वेल्समधली, वाफेच्या इंजिनांना चालणारा कोळसा देणारी उघडी खाणही २०२३ मध्ये थांबली. आता ज्या देशानं जगाला कोळसा जाळायला शिकवलं, तिथल्या या हौशी रेल्वेंना तो समुद्रापलीकडून आणावा लागतो. आणि उन्हाळे कोरडे होत चालले आहेत. रडणारं ते पोर यापुढे फलाटावर अधूनमधून दिसणार.

जाणार असाल तर एक करा. गाडीनं गोथलंडपर्यंतच या, आणि पुढे ग्रोमाँटपर्यंत चालत जा. साडेपाच किलोमीटर आहेत, जवळजवळ सगळा उतार. १८३६च्या मूळ वाटेवरूनच पाऊलवाट जाते, रूळ नाहीत, पण ज्या चढावरून पाण्याच्या वजनानं डबे वर यायचे, त्याच चढावरून तुम्ही उतरता. पायांच्या पोटऱ्यांना तो पंधराला एक चांगला समजतो. तळाशी बेक होल हे चार घरांचं गाव आहे, तिथल्या ओढ्याकाठच्या इवल्याशा मद्यगृहात मध्येच एक गोळ्या-चॉकलेटचं दुकान आहे. वेळ असेल तर त्याआधी गोथलंडहून मॅलियन स्पाउटचा सत्तर फुटी धबधबा बघा. सह्याद्रीतल्या माणसानं फार अपेक्षा ठेवू नये. हिवाळ्यात गाड्या फारशा नसतात, तेव्हा वेळापत्रक बघूनच निघा.

आणि वाफेच्या गाडीत खिडकीशी बसणार असाल तर इंजिनाकडे पाठ करून बसा. कोळशाची कणी डोळ्यात जात नाही. बाबा आम्हाला नेहमी तसंच बसवायचे.